दुकानाच्या नावाची भेटवस्तू पहिल्यांदाच देताय?

पेन, कीचेन, कॉफीचा मग असं थोडं थोडं सगळं घेऊ नका. एकच वस्तू घ्या, पण रोज हाताला लागणारी.

माझं मत विचाराल तर कापडी पिशवी. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून भाजीला जाताना ती लागतेच. जाड सुती कापड, रुंद तळ, खांद्यावर अडकतील एवढे लांब बंद. नमुना आधी धुवा, मग पाच किलो बटाटे भरून बघा. बंदाची शिवण उसवली तर तो माल नकोच.

नेहमीच्या चुका:
- पिशवीभर लोगो आणि तीन फोन नंबर. तुमचा जाहिरातफलक कोण मिरवणार? नाव लहान, कोपऱ्यात.
- टी-शर्ट. मापं चुकतात, शेवटी फरशी पुसायला जातात.
- दिनदर्शिका जानेवारीत वाटणं. तोवर भिंतीवर दुसऱ्याची लागलेली असते. दिवाळीनंतर लगेच द्या.

छपाईच्या पद्धतींचा घोळ सध्या नको, एका रंगात छान भागतं.