लांबट हॉलसाठी बहिर्वक्र आरसा जुना घ्यावा की नवा?

एकच खिडकी असलेला लांबट हॉल आणि मनात सोनेरी चौकटीचा जुना बहिर्वक्र, म्हणजे फुगीर आरसा, असा तुमचा प्रश्न. घरात कूलर लागत असेल तर नवाच घ्या. आपल्या नागपुरात उन्हाळाभर कूलरची ओली हवा घरात फिरते, आणि जुन्या चौकटीवरचा सोन्याचा वर्ख त्याखालच्या खडूच्या थरासकट ओलाव्याने सुटतो. जुनाच घेतलात तर फार जुन्या काचेमागे कथील-पाऱ्याचा थर असू शकतो, तो अजिबात खरवडू नका. काळे ठिपके राहू द्या, त्यातच त्याची शान आहे.

हा आरसा अख्खी खोली पोटात घेतो. चित्रकार व्हॅन आयकच्या 1434च्या आर्नोल्फिनी या जोडप्याच्या चित्रात मागच्या भिंतीवरच्या एवढ्याशा आरशात दारात उभी माणसंही दिसतात, नक्की बघा!

खिडकीसमोर, डोळ्यांच्या उंचीवर लावा. ऊन पडलं तरी भीती नाही, बहिर्वक्र आरसा किरणं पसरवतो. अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट आरसा मात्र उन्हात नकोच, तो किरणं एकवटतो आणि आग लागू शकते. दुकानात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत बाजूला सरका. रेष सलग वाकायला हवी, लहरली तर तो आरसा सोडा.