आदेशाखाली सही कोणाची?

प्रश्न : मी वास्कोची. धाकटा भाऊ ट्रॉलरवर कामाला आहे. सीमेवर तणाव होता तेव्हा त्याने समुद्रातून नौदलाच्या जहाजांचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकला. आता राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली तो कोलवाळच्या तुरुंगात स्थानबद्ध आहे. कारणांचा कागद इंग्रजीत मिळाला; तो शिकलाय चौथीपर्यंत, मराठीतून. ‘लढाईच्या दिवसांत कोर्ट यात पडत नाही’ असे सगळे म्हणतात. खरे का?

उत्तर : ताई, अर्धे खरे. भावावरचा संशय रास्त आहे का, हे कोर्ट सहसा जोखत बसत नाही. कायद्याने सांगितलेले मात्र सरकारने अक्षरशः पाळले का, हे बारकाईने बघते. म्हणून ‘पोरगा साधा आहे हो’ यात वेळ घालवू नका, आदेश वाचा.

१८ जून १९४६ रोजी मडगावात सभेला उभे राहिलेले डॉ. राममनोहर लोहिया तुम्हाला ठाऊक असतील. १९६५ मध्ये बिहारात त्यांनाच भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले होते. चीन युद्धावेळची आणीबाणी अजून चालू होती, मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जायची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने अडवलेली. तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले! नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ होते, आदेशात लिहिले ‘कायदा व सुव्यवस्था’. न्या. हिदायतुल्लांनी एकात एक तीन वर्तुळे मांडली: बाहेर कायदा-सुव्यवस्था, आत सार्वजनिक सुव्यवस्था, सर्वांत आत राज्याची सुरक्षितता. बाहेरच्या वर्तुळाचे कारण आतल्यासाठी चालत नाही.

तुमच्या कागदावर ‘भारताचे संरक्षण’ हे कारण असेल तर खाली सही बघा. त्या कारणासाठी स्थानबद्ध करण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्य सरकारचा. जिल्हाधिकाऱ्याला तो देता येत नाही. आणि जिल्हाधिकाऱ्याचा आदेश राज्य सरकारने १२ दिवसांत मंजूर केला नाही, तर तो आपोआप संपतो.

लोकांच्या मनात बसलाय तो सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निकाल. आणीबाणीत स्थानबद्धाला दादच मागता येत नाही, असे चार न्यायमूर्ती म्हणाले, एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येत नाही. तो निकालही २०१७ मध्ये रद्द ठरला.

इंग्रजी कागद हा तुमचा भक्कम मुद्दा. स्थानबद्धाला कळेल अशा भाषेत कारणे दिली नाहीत म्हणून १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाची स्थानबद्धता मोडली होती. त्याला हिंदी येत होते, इंग्रजी नव्हे. कारणे साधारण पाच दिवसांत द्यायची असतात, तेव्हा कागद हाती पडला ती तारीखही टिपून ठेवा.

आजच त्याच्याकडून मराठीत निवेदन लिहून घ्या: मराठी प्रत द्या, मला सोडा. तुरुंगाधिकाऱ्याकडून पोच घ्या. निवेदनावर सरकारने विनाकारण दिवस काढले, तर तोही मुद्दा होतो. स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का, हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील नेता येत नाही. मात्र वकील नसलेल्या एखाद्या मित्राची मदत मागता येते. त्या सुनावणीची वाट न बघता पर्वरीला हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवण्याची याचिका, दाखल करा.

व्हिडिओबद्दल वेगळा गुन्हा नोंदला असेल तर ही याचिका जिंकूनही तो संपत नाही. तिथे जामीन निराळा मागावा लागेल, तेव्हा एफआयआरची प्रतही मिळवून ठेवा.