बांबूच्या खुर्च्या बघू नका, पाणी कुठलं ते विचारा

प्रश्न : ताई, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजण दापोली-मंडणगड साइडला जायचं म्हणतोय, सोबत सासूबाई आणि दोन मुलं. मोठीचा हट्ट आहे की इको फ्रेंडली ठिकाणीच राहायचं. पण ऑनलाइन बघावं तर जिथे तिथे इको लिहिलेलं, रेटही जास्त. खरं कुठलं ते कसं ओळखायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीचा हट्ट पुरवाच. बुकिंग डॉट कॉमच्या २०२३ च्या सर्व्हेत जगभरातल्या ७६ टक्के प्रवाशांनी सांगितलं होतं की आम्हाला पर्यावरणाला जपून फिरायचंय, आता एवढी मागणी आहे म्हटल्यावर पाटी सगळेच लावणार. म्हणून बुक करायच्या आधी सरळ फोन करा आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. कोकणात ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर येतो, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि उतार असा की पडलेलं पाणी थेट खाडीत नाहीतर समुद्रात जातं. अशा दिवसांत शेजारच्या वाडीतल्या बायका टँकरची वाट बघतायत आणि रिसॉर्टचा स्विमिंग पूल बोअरच्या पाण्याने भरलेला आहे, तर तिथल्या खुर्च्या बांबूच्या असोत की सोन्याच्या, मी तरी त्याला इको म्हणणार नाही.

मग विचारा सांडपाणी कुठे सोडता आणि सुका कचरा कोण नेतं. ज्याने खरंच काही केलंय तो माणूस उत्साहाने सगळं सांगत बसतो, ज्याने नाही केलं तो "सगळी सोय आहे मॅडम" एवढंच म्हणतो. एसीचं फार मनाला लावून घेऊ नका, चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेली खोली बघा, ती बरीच थंड असते, पण सासूबाईंना उकाडा सोसत नसेल तर त्यांच्यापुरती एक एसी खोली घ्या, त्यात काही गैर नाही.

तुम्ही मंडणगडला जाताच आहात तर तिथल्या किनाऱ्यावरच्या वेळास गावाचा विचार करा. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, घरचं जेवण जेवतात. आधी अंडी चोरीला जायची, आता त्याच कासवांमुळे गावातल्या घरांत चार पैसे येतात, मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल बाहेर येतात पण दरवर्षी तारखा पुढेमागे होतात, म्हणून निघण्याआधी गावात विचारून घ्या. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, किनाऱ्यावर टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश अजिबात नाही, पिल्लं उजेडाकडे जातात आणि समुद्राची वाट चुकतात.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, चार खोल्या रिकाम्या. होमस्टे करायचा विचार आहे. चौकशी करणारे मुंबई-पुण्याचे लोक इको आहे का विचारतात. हातात पैसे थोडे आहेत, आधी खर्च कशावर करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : दादा, घर पाडून सिमेंटचं करू नका ही पहिली विनंती, तुमच्याकडे आहे तेच लोकांना हवंय. पैसे आधी जमिनीखाली घाला. सेप्टिक टँक नीट बांधून घ्या आणि शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी लांब ठेवा, आपल्या जांभ्यात पाणी झिरपतं त्यामुळे जास्त अंतर मिळालं तर उत्तमच. पाहुणे वाढले की मैलापाणी वाढतं आणि ते विहिरीत उतरलं तर तुमच्यासकट शेजाऱ्यांचंही पाणी गेलं.

दुसरा खर्च पावसाच्या पाण्याचा. १००० चौरस फूट छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं! सगळं साठवता येणार नाही, पण पन्हळ लावून, गाळून एका मोठ्या टाकीत घेतलं तर उन्हाळ्यात वापराच्या पाण्याला मोठा आधार होतो. नुसतं विहिरीत सोडून भागेलच असं नाही, मेपर्यंत ते निघूनही जातं. वाडीतल्या लोकांना सोबत घेऊन दिवाळीनंतर वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, कच्चा बंधारा घाला, त्याने सगळ्यांच्याच विहिरी थोड्या जास्त दिवस टिकतात. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी खोलीत तांब्या-भांडं आणि फिल्टरचं पाणी, अंघोळीला सोलर, जेवायला त्या दिवशी जे असेल ते, हे सगळं स्वस्तात होतं.

पर्यटन संचालनालयाच्या निवास न्याहारी योजनेत नोंदणी करा. आणि जाहिरातीत नुसतं इको फ्रेंडली लिहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली आहे, पर्यावरणाचा दावा केला की त्याला पुरावा लागतो. त्यापेक्षा "पावसाचं पाणी साठवतो, सोलरचं गरम पाणी, बाटलीबंद पाणी देत नाही" असं काय केलंय ते लिहा, विचारणाऱ्याला तेच हवं असतं.

प्रश्न : हॉटेलमध्ये "टॉवेल रोज धुवायला टाकू नका, निसर्ग वाचवा" अशी पाटी असते. ही पैसे वाचवायचीच युक्ती ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पैसे त्यांचे वाचतात हे खरंय, पण पाणी आणि साबणही वाचतो, तेव्हा टॉवेल दोन-तीन दिवस वापराच. फक्त तेवढ्यावरून हॉटेलला शाबासकी देऊ नका, बाहेर भर दुपारी लॉनवर पाणी मारत असतील तर रिसेप्शनवर जाऊन तसं सांगा, आणि रिव्ह्यूमध्येही लिहा, रिव्ह्यू ते वाचतात.