पाण्याकाठी एक दिवस, लॅपटॉपसह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बामणोली-तापोळा भागात शिवसागरच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठी कॉटेज घेऊन तिथूनच ऑफिसचं काम करायचं आहे. दुपारी दोन व्हिडिओ मीटिंग आहेत. मालक म्हणतात, ‘नेटवर्क फुल्ल आहे.’ एवढ्यावर विसंबावं का? (वाचक, कराड)

उत्तर : विसंबू नका. मालक खोटं बोलत नाहीत. फोन लागतो, व्हॉट्सॲप चालतं, म्हणजे त्यांच्या लेखी नेटवर्क आहे. तुम्हाला मात्र अपलोडचा वेग हवा आहे. तुम्ही ज्या खोलीत बसणार, त्याच खोलीत दुपारी दोन-तीनच्या सुमारास स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. अपलोड २ ते ३ एमबीपीएस असेल तर व्हिडिओ नीट चालतो. १ च्या खाली असेल तर कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाजावर मीटिंग करावी लागेल, हे धरून चला.

कोयना, सोळशी, कांदाटी ही खोरी अरुंद आहेत. टॉवर जवळ असूनही मध्ये डोंगराची एक सोंड आली की सिग्नल पडतो. उलट, पाण्यापलीकडचा दूरचा टॉवर थेट दिसत असेल तर चांगला चालतो. पोचल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडा आणि सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा बघा. उणे ९० च्या आसपास असेल तर काम होतं, उणे ११० च्या पुढे गेला तर मीटिंग तुटणार. पत्र्याचं छप्पर सिग्नल अडवतं, म्हणून आत चार कांड्या आणि ओट्यावर पाच असं होतं. हॉटस्पॉटचा फोन खिडकीच्या वरच्या कडेला, टॉवरच्या बाजूला ठेवा आणि लॅपटॉप घेऊन तुम्ही आत बसा. फोन उन्हात मात्र ठेवू नका, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

सिम दोन कंपन्यांची न्या. पण दोन्ही एकाच टॉवरवर असतील तर वीज गेल्यावर थोड्या वेळाने दोन्ही एकदमच जातील, म्हणून हेही मालकांना विचारून घ्या. तासाभराच्या व्हिडिओ मीटिंगला साधारण १ जीबी डेटा लागतो. रोजचा २ जीबीचा पॅक असेल तर दुसऱ्या मीटिंगच्या शेवटी वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि लोकांना वाटतं, रेंज गेली. जादा डेटा पॅक आधीच टाकून ठेवा. लॅपटॉपवर त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ करा, म्हणजे विंडोज अपडेट मध्येच सुरू होणार नाही. फोटोंचा बॅकअपही बंद करा.

प्रश्न : कॉटेजला इन्व्हर्टर आहे म्हणतात. दिवसभर पुरेल का? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : बॅटरी किती एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता) आणि किती वर्षांची, हे आधी विचारा. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, त्यामुळे ९०० उरले. त्यातून इन्व्हर्टरची घट वजा करा, हाताशी साधारण ७५० येतात. लॅपटॉप ५० वॅट, राउटर १०, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, एलईडी दिवा ९, मिळून १०० च्या आसपास. म्हणजे सात-साडेसात तास. जुना पंखा असेल तर तो एकटाच ७५ वॅट खातो आणि वेळ पाच तासांवर येते. तीन-चार वर्षं वापरलेली बॅटरी याहून बरंच कमी देते. इलेक्ट्रिक किटली इन्व्हर्टरवर लावू नका. ती हजार-पंधराशे वॅट ओढते आणि सगळंच ट्रिप होतं.

इथे नेहमी होणारा घोटाळा वेगळाच आहे. वीज गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते. तो पुन्हा सुरू होऊन जोडला जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात आणि मीटिंग तुटते. उपाय स्वस्त आहे : राउटरचा मिनी यूपीएस. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते वाचून घ्या.

पॉवर बँकेवर फार भिस्त नको. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, लॅपटॉपला जेमतेम तासभर. तीही पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जिंगची आणि लॅपटॉपला पुरेल इतक्या वॅटची असली तरच.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. ढग गडगडू लागले की चार्जर आणि राउटर प्लगमधून काढा, बॅटरीवर काम करा.

प्रश्न : कामाच्या आधी-नंतर पोहणं, बोट, जमल्यास वासोटा किल्ला, असं एका दिवसात बसेल का? (वाचक, वाई)

उत्तर : वासोटा सोडून द्या. बोटीने जाता-येता प्रत्येकी तास-दीड तास, वर जंगलातली चढण, वन विभागाची परवानगी. तो सुट्टीचा पूर्ण दिवस आहे, आणि पावसाळ्यात तो बंदच असतो.

बोट मात्र सकाळी घ्या. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी वारा सुटतो आणि लाटा उठतात. बोट क्लबवरूनच जा आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून घ्या.

पोहण्याबद्दल आमचं मत ठाम आहे : अनोळखी काठावरून उतरू नका. हा डोंगरी तलाव नाही, धरणाचं पाणी आहे. खाली बुडालेल्या शेतांच्या ताली आणि झाडांचे बुंधे आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर खोलीत पडतं, आणि गाळात पाय रुतला की चांगला पोहणाराही घाबरतो. गावकरी दाखवतील त्याच जागी, जॅकेट घालून, सोबत कुणी असेल तरच उतरा.

प्रश्न : कॉटेजचे फोटो सुंदर आहेत, दारातच पाणी आहे. मेमध्ये जावं का? (वाचक, सातारा)

उत्तर : फोटो कोणत्या महिन्यातले, ते आधी विचारा. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी आणि सिंचनासाठी वर्षभर सोडलं जातं. ऑक्टोबरात पायरीशी असलेलं पाणी मेपर्यंत दूर सरकतं आणि मधे भेगाळलेला गाळ उरतो. पाणी जवळ हवं असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी बरे. सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी साताऱ्याहून कासमार्गे निघालात, तर फुलं बघायला आलेल्या गाड्यांत अडकाल, सोमवारच्या मीटिंगसाठी रविवारी दुपारी निघू नका. आणि टेबल-खुर्ची आहे का, हे विचारायला विसरू नका : टीपॉय आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर आठ तास बसून मान धरते. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा. पाणी पाठीशी असेल तर मीटिंगमध्ये चेहरा काळा दिसतो.