लॉकडाऊनमध्ये टपऱ्या बंद होत्या, तरी चहापत्ती महाग का झाली?

कारण टपऱ्यांबरोबर मळेही बंद होते, आणि नेमके चुकीच्या वेळी. 25 मार्च 2020 ला देश थांबला तेव्हा आसाम-दार्जिलिंगात पहिल्या बहराची तोडणी सुरू होती. चहाची तोड दर सात-आठ दिवसांनी व्हावी लागते. दोन पानं आणि एक कळी. तोडायला कुणी नसेल तर कोंब वाढत जातो, पान जून होतं आणि त्याचा चांगला चहा होत नाही. मजूर परतले तेव्हा बऱ्याच मळ्यांत आधी झुडपं छाटावी लागली, मग नव्या फुटव्याची वाट बघत बसायचं. त्यात पावसाळ्यात आसामला पूर. 2019 मध्ये देशात सुमारे 139 कोटी किलो चहा झाला होता, 2020 मध्ये जेमतेम 126 कोटी. लिलावात भाव चढले, ते महिन्याच्या वाणसामानात दिसले.

आणि मागणी म्हणाल तर ती टपरीवरून घरात आली. आमच्याकडे दोनदा होणारा चहा पाचदा व्हायला लागला. आधण उतरत नव्हतं, गवती चहाची कुंडी पार बोडकी झाली!

कॉफीचं वेगळं. लॉकडाऊनमध्ये गाजलेल्या डालगोना कॉफीचा फेस सगळ्यांनी फेटून झाला, पण खरी भाववाढ 2021 ची. कंटेनर मिळेनात, आणि जुलैत ब्राझीलच्या कॉफीच्या बागांवर दव गोठवणारी कडाक्याची थंडी पडली. ती थंडी काही कोविडच्या माथी मारता येत नाही.