प्रवर्तक म्हणजे मालक का?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "बातम्यांत 'प्रवर्तकांनी पाच टक्के हिस्सा विकला' असं येतं. प्रवर्तक म्हणजे मालकच ना? मग सरळ मालक का लिहीत नाहीत?"

कारण कायद्याच्या नजरेत कंपनीच्या मालमत्तेचा मालक कंपनीच असते. 1954 साली सर्वोच्च न्यायालयात बाचा गुझदर यांचा खटला गाजला. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या उत्पन्नातला 60 टक्के भाग शेतीचा धरून करमुक्त असे, तेव्हा माझ्या लाभांशालाही तीच सूट मिळावी, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. चहाचा मळा कंपनीचा. भागधारकाला मताचा, लाभांशाचा आणि कंपनी गुंडाळलीच तर उरलेल्यातला वाटा मिळण्याचा हक्क.

आता 'प्रवर्तक'. 'वृत्' धातूला 'प्र' लागून झालेला शब्द. चालना देणारा, सुरुवात करून देणारा. धर्मप्रवर्तक, पंथप्रवर्तक यांत तोच अर्थ आहे. या मूळ अर्थाशी आजही प्रामाणिक राहिला आहे तो गृहनिर्माण सोसायटीचा 'मुख्य प्रवर्तक'. तो लोकांना एकत्र आणतो, भागाचे पैसे गोळा करतो, नोंदणीचे खेटे घालतो. पहिल्या सर्वसाधारण सभेत हिशेब मांडला की त्याचं काम संपलं. पुढे तोही इतरांसारखाच सभासद, एका मताचा.

कंपनीतलं प्रवर्तकपण मात्र संपत नाही. आजोबांनी कारखाना काढला, तरी नातू प्रवर्तकच. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या व्याख्येत तर ज्याच्या हाती कंपनीचं नियंत्रण आहे, तोही प्रवर्तक ठरतो. म्हणजे सुरुवात करणाऱ्याचा शब्द ताबा असणाऱ्याकडे गेला. आपल्याकडे बहुतेक मोठे उद्योग घराण्यांच्या हाती राहिले, त्याची ही भाषेतली खूण आहे असं मला वाटतं.

ताबा आणि वाटा यांत अंतर पडलं की कंपनीच्या कामगिरीवर परिणाम होऊ शकतो. समजा, घराण्याचे वरच्या कंपनीत 51 टक्के आणि त्या कंपनीचे खालच्या कंपनीत 51 टक्के. खालच्या कंपनीवर ताबा पूर्ण, पण तिथल्या शंभर रुपयांत घराण्याचा वाटा जेमतेम 26. तेच शंभर रुपये वर आणले तर वाटा 51. मोह कुठे आहे ते दिसतंच. 2002 साली बर्ट्रांड, मेहता आणि मुल्लइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय उद्योगसमूहांचे आकडे तपासून असा पैसा वर सरकत असल्याचं मांडलं. पुढे 2012 साली दुसऱ्या दोन संशोधकांनी त्या निष्कर्षाला आव्हान दिलं. वाद चालू आहे, आणि तो चालू राहावा. घराण्याचा स्वतःचा पैसा मोठा असला तर देखरेखही डोळ्यांत तेल घालून होते, हीसुद्धा खरी बाजू आहे.

पैसा असा वर सरकवण्याला इंग्रजीत बोगदा खणणं ('टनेलिंग') म्हणतात. मराठीत 'बोगदा' कशाला? 'पाणी मुरणं' आहे की! वरून सगळं कोरडं, आत ओल.

डिसेंबर 2008 मध्ये सत्यम या हैदराबादच्या संगणक कंपनीने सुमारे 160 कोटी डॉलर देऊन मेटास नावाच्या दोन कंपन्या घ्यायचं ठरवलं. सत्यमचे प्रवर्तक असलेल्या राजू कुटुंबाचा तिच्यातला हिस्सा दहा टक्क्यांच्याही आत, मेटासमधला कितीतरी अधिक. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत बेत मागे घेतला गेला. शब्दवेड्यांसाठी एक गोष्ट : रोमन लिपीत 'सत्यम'ची अक्षरं उलटी वाचली की 'मेटास' होतं.

ऑगस्ट 2021 मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, 'प्रवर्तक' ही कल्पना सोडून नियंत्रण असलेल्या व्यक्तीकडे वळायला तत्त्वतः मान्यता दिली. त्यासाठी मी 'नियंत्रक भागधारक' सुचवीन. हे दोन्ही शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत, आणि 'प्रवर्तक' सोसायटीवाल्यांकडे मूळ अर्थाने राहील.