डॉसमधून कॉपी केल्यावर फाइलींची नावं ‘द्राक्ष~1’, ‘द्राक्ष~2’ अशी झाली. कुठली कुठली ते कसं ओळखू?

वडिलांचा तो विंडोज 95चा पीसी अजून चालू होतो म्हणताय ना, मग काही गेलेलं नाही. फक्त त्या हार्ड डिस्कवर आत्ता हलवाहलव करू नका, आणि डॉसच्या काळातलं डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फाइली एकत्र लावणारा प्रोग्रॅम) चुकूनही चालवू नका.

डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी प्रणाली. तिला आठ अक्षरांचं नाव आणि टिंबापुढे तीन, एवढंच कळायचं. 1995 साली विंडोजने 255 अक्षरांपर्यंतची सोय केली, पण जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून लांब नावाच्या जोडीला एक आखूड नावही ठेवलं: पहिली सहा अक्षरं, ती नागमोडी खूण, मग आकडा. (‘द्राक्ष’ इंग्रजीत बरोबर सहा अक्षरांत बसतं.) लांब नाव तेरा-तेरा अक्षरांच्या तुकड्यांत वेगळं लिहिलं जातं, आणि डॉस त्या तुकड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही विंडोज बंद करून डॉसमधून कॉपी केलीत, म्हणून फ्लॉपीवर नुसती आखूड नावं आली.

आता विंडोज चालू असतानाच डॉसची खिडकी उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि ‘डिर’ ही यादी दाखवणारी आज्ञा द्या. डावीकडे आखूड नाव, उजवीकडे पूर्ण. कागदावर उतरवून घ्या.

पण जुळवताना तारीख आणि साइजही बघा, कारण तो आकडा त्या-त्या फोल्डरपुरताच असतो. नाशकात अशोकस्तंभाजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं, बागायतदारांचे हिशेबही टाइप करून द्यायचो. निफाडच्या फोल्डरमध्ये एक ‘द्राक्ष~1’, दिंडोरीच्या फोल्डरमध्ये दुसरी. मी बॅच फाइलने (लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीने चालवणाऱ्या फाइलने) दोन्ही एकाच फ्लॉपीवर टाकल्या. बॅचमधून ‘कॉपी’ चालवली की ती विचारत नाही, सरळ वर लिहिते. दोन दिवसांनी निफाडचे काका प्रिंट घेऊन दुकानात हजर: “अरे, एवढा मोरचूद मी कधी मारला?” दिंडोरीवाल्याचा फवारणीखर्च त्यांच्या नावावर! तुमच्याकडेही दोन फोल्डर असतील तर एखादी फाइल अशी गिळली गेली असेल. ती मूळ डिस्कवरून परत घ्या.

पुन्हा कॉपी करताना विंडोजमधूनच करा, आणि फ्लॉपीवर आधी एक फोल्डर बनवा. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत मुळाशी, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, नावांच्या 224 नोंदींचीच जागा असते. ‘द्राक्षबाग हिशेब दिंडोरी’सारखं नाव (टिंबापुढच्या तीन अक्षरांसकट) एकटंच चार नोंदी खातं, तीन लांब नावाच्या तुकड्यांच्या आणि एक आखूड नावाची, त्यामुळे पन्नास-पंचावन्न फाइलींतच जागा रिकामी असूनही ‘डिस्क फुल’ येतं. फोल्डरच्या आत ही मर्यादा नाही.